जखमी लेदर कोरल वाचवताना हात कुठे थांबवायचा

वास्कोच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "चार फुटी टँक, संपसकट (खालच्या फिल्टरच्या टाकीसकट) साधारण २५० लिटर पाणी. गणेश चवथीला पाच दिवस डिचोलीला मूळ घरी होतो, चावी शेजारच्या मुलाकडे दिली होती. परत आलो तर मागचा दगड घसरून टोडस्टूल लेदरवर (अळंबीच्या आकाराच्या मऊ कोरलवर) पडलेला. टोपीची एक कड चिरडलीय, देठावर रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी, पिळपिळीत डाग आहे, एकही पॉलिप बाहेर नाही. कोरल तीन वर्षांचं आहे, टोपी ताटलीएवढी. दुकानदाराने अँटिबायोटिकची पूड दिलीय, टँकमध्येच टाका म्हणाला. मिस्टर म्हणतात, बोगमाळोहून समुद्राचं ताजं पाणी आणून निम्मं पाणी बदलूया. काय करू?"

ताई, ती पूड कपाटात ठेवा आणि मिस्टरांना सांगा, कॅन धुऊन उलटे घालून ठेवा. दोन्हींवर पुढे बोलतो.

मी मडगावात अठरा वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळतोय, आधी स्वतःचे आणि आता चार लोकांचेही. या काळात माझ्याकडे जी कोरलं मेली, त्यांतली थोडीच जखमेने मेली. बाकीची जखमेनंतरच्या आठवड्यात मी केलेल्या उपचारांनी मेली. माझं पहिलं लेदर हीटरला टेकून भाजलं होतं. चट्टा केवढा, तर अंगठ्याच्या नखाएवढा. मी घाबरून चार दिवसांत तीन वेळा ते आयोडीनमध्ये बुडवलं, दोनदा जागा बदलली आणि रोज संध्याकाळी बोटाने दाबून बघत बसलो, सुधारतंय का म्हणून. नवव्या दिवशी त्याचा लगदा झाला. तेव्हा तुमच्या बाबतीत मला मुख्य भीती दगडाची नाही, पुढच्या दहा दिवसांची आहे.

हा प्राणी कसा आहे ते लक्षात घेतलं की निम्मी घाई आपोआप कमी होते. लेदर हे मऊ कोरल. ब्रेन किंवा हॅमर या कोरलांसारखा त्याला दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक काटे विखुरलेले असतात, त्यांनी त्याला चिवटपणा येतो. वरच्या टोपीवर जे केसांसारखे दिसतात ते पॉलिप, प्रत्येकाला आठ मिशा, आणि सगळे एकाच मांसात आतून नळ्यांनी जोडलेले. म्हणजे एका कडेला इजा झाली तर दुसऱ्या कडेचं अन्न तिथे पोचतं. निसर्गात हे लाटांनी फाटतं, माशांच्या तोंडी लागतं आणि तरी जगतं. छंदातले लोक तर मुद्दाम टोपी कापून एकाची चार करतात. तुमच्या कोरलची कड चिरडली यात जिवाला धोका जवळपास नाही. धोका आहे तो देठावरच्या त्या नाण्याएवढ्या डागाचा.

त्यामुळे आधी निदान करा, आणि त्यासाठी नाक वापरा. दगड उचलून बाजूला ठेवा, पण हातमोजे घालूनच. त्या दगडावर झोआंथिड किंवा पॅलिथोआ या बटणांसारख्या दिसणाऱ्या जिवांचे गुच्छ असतील तर चष्माही लावा. त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. कापलेल्या बोटातून किंवा डोळ्यात उडालेल्या पाण्यातून ते बाधतं, आणि असला दगड साफ करायला कुणी उकळत्या पाण्यात टाकला तर वाफेतूनही. याबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. टँकमध्ये हात घालणारा प्रत्येक माणूस मोजे घालेल, मग तो घरचा यजमान का असेना.

आता एका बादलीत टँकचंच पाणी घ्या, कोरल त्याच्या छोट्या दगडासकट त्यात ठेवा आणि डागाजवळचं थोडं पाणी हातावर घेऊन वास घ्या. निरोगी लेदरलाही उग्र वास असतो, औषधी पाल्यासारखा. त्याला घाबरू नका. कुजलेल्याचा वास तुम्हाला सांगावा लागणार नाही. फ्रीजबाहेर राहिलेल्या तिसऱ्यांना (शिंपल्यांना) दुसऱ्या दिवशी जसा येतो, तसाच. मग मऊ टूथब्रशने किंवा ड्रॉपरच्या पाण्याने डागावर हलका फवारा मारा. वरचा तपकिरी थर निघून खाली घट्ट, फिकट मांस दिसलं आणि वास नसला तर तो नुसता साचलेला चिखल किंवा शेवाळ होतं. तसं असेल तर सुरीचं काम नाही, कोरल जागेवर ठेवा आणि लाइट-प्रवाहाचा भाग वाचा. मांस तुकड्या-तुकड्यांनी सुटून आलं, आत खळगा पडला, वास आला, तर ती सड आहे. सड स्वतःहून क्वचितच थांबते. ती कापावी लागते.

तुम्ही पिळपिळीत म्हणता त्यावरून मला सडच वाटते, म्हणून कापायचं कसं ते नीट सांगतो.

तीन भांडी मांडा, तिन्हींत टँकचं पाणी: एक कापायला, एक बुडवायला, एक धुवायला. जुनं आइस्क्रीमचं डबडं चालेल, पण ज्यात कधी साबण गेला आहे ते नको. नवीन ब्लेड घ्या, दाढीचं किंवा सर्जिकल. स्वयंपाकघरातली सुरी दाबते, कापत नाही, आणि दाबलेलं मांस परत सडतं. कोरल बाहेर काढलं की ते आकसून निम्मं होईल आणि बुळबुळीत स्राव सोडेल, तसं होणारच. आता डागाच्या कडेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी मांसात शिरून एका सरळ चिरेत तो भाग काढून टाका. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. चिरताना ब्लेडखाली बारीक कचकच लागेल, तेच ते काटे. कापलेली बाजू पांढरट, घट्ट आणि रवाळ दिसली पाहिजे. कुठे तपकिरी रेष किंवा पिळपिळीत ठिपका दिसला तर आणखी अर्धा सेंटिमीटर आत जा. माया करून इथे थांबलात तर चार दिवसांनी परत हेच करायला लागेल, आणि तेव्हा कोरलची ताकद निम्मी झालेली असेल. एकदाच, पण पुरतं.

टोपीची चिरडलेली कड लोंबत असेल, काळपट पडली असेल तर तीही सरळ कापून टाका. नुसती दबलेली पण रंग शाबूत असेल तर राहू द्या. चिरडलेलं दिसतं त्यातलं बरंच परत उभं राहतं.

डाग देठाभोवती सगळीकडे फिरलेला निघाला तर गोष्ट वेगळी. अशा वेळी देठ वाचवायच्या नादी लागू नका, टोपी वाचवा. सडलेल्या भागाच्या वरून, निरोगी मांसातून टोपी आडवी कापून वेगळी करा. दिसायला हे भयंकर आहे, पण लेदर हे सोसतं. एवढंच नाही, दगडावर उरलेल्या खुंटात निरोगी मांस शिल्लक असेल तर त्यालाही काही महिन्यांत नवी टोपी फुटते. खुंट फेकायची घाई करू नका.

आयोडीन एकदाच. ल्यूगोल्सचं द्रावण मिळालं तर उत्तम, कोरलसाठी मिळणारं आयोडीन डिप (बुडवायचं द्रावण) असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात. दोन्ही नसेल तर फार्मसीतलं पोव्हिडोन आयोडीनचं साधं सोल्यूशन चालतं. मात्र 'स्क्रब' लिहिलेली बाटली घेऊ नका, तिच्यात साबण असतो. दुसऱ्या भांड्यात थेंब-थेंब टाकत पाण्याचा रंग फिक्या कोऱ्या चहासारखा करा, त्यापेक्षा गडद नको. दहा मिनिटं ठेवा, ड्रॉपरने जखमेवर हेच पाणी हलकं फिरवत राहा. मग तिसऱ्या भांड्यात धुवा आणि टँकमध्ये परत. डिपचं पाणी टँकमध्ये ओतू नका. तिन्ही भांड्यांचं पाणी टँकच्या तापमानाला असावं, एसी लावलेल्या खोलीत ते भराभर उतरतं.

परत ठेवताना लोक फेविक्विकची नळी काढतात. लेदर बुळबुळीत असतं, गोंद त्या स्रावाला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रा सुटून कोरल पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतं. खाली देठ शाबूत असेल तर चिकटवायची गरजच नाही, त्याचा छोटा दगड दोन दगडांच्या बेचक्यात बसवा. टोपी वेगळी केली असेल तर देठाच्या उरलेल्या बुंध्यातून लाकडी टूथपिक आडवी आरपार घाला आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरबँड अडकवून मुठीएवढ्या लाइव्ह रॉकच्या (टँकमधल्या जिवाणू वसलेल्या दगडाच्या) तुकड्यावर हलकी बांधा. रबरबँड मांसावरून ओढून बांधला तर तो ते कापत जातो, म्हणून टूथपिक. दुसरा मार्ग, तुकडा भाजी धुवायच्या जाळीदार प्लॅस्टिक टोपलीत बारीक दगडांवर ठेवायचा आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा सैल बांधायचा. आठवडा-दोन आठवड्यांत तो स्वतः दगडाला धरतो.

टोपलीचा आणखी एक फायदा. तुमच्या टँकमध्ये क्लाउनफिश असतील आणि त्यांनी हे लेदर घर म्हणून धरलं असेल, तर ते जखमेवर रात्रंदिवस अंग घासत राहतील. प्रेमच ते, पण जखमेला नको. हर्मिट क्रॅब सडक्या मांसाचा वास घेत येतात आणि सडक्याबरोबर चांगलंही कुरतडतात. टोपली दोन आठवडे आड राहू द्या.

लाइट आणि प्रवाहाचं थोडक्यात. कोरलचा रंग शाबूत असेल तर लाइट आहे तसाच ठेवा, वाढवू तर अजिबात नका. मांसातलं सूक्ष्म शेवाळ जाऊन ते फिकं, पांढुरकं पडलं असेल तर तीव्रता एक तृतीयांश ते निम्मी कमी करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू परत आणा. प्रवाह मध्यम, थेट अंगावर न येणारा. जखमेवर चिखल बसता कामा नये आणि टोपी फडफडतही राहता कामा नये, या दोहोंमधला. वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) समोरच्या काचेवर मारून परत येणारा प्रवाह बहुतेक वेळा बरोबर बसतो.

खायला घालू का, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्याकडे आजारी माणसाला पेज भरवल्याशिवाय चैन पडत नाही. पण या कोरलचा मुख्य घास त्याच्या मांसातलं शेवाळ उजेडात तयार करून देतं, आणि बंद पॉलिप काही पकडूही शकत नाहीत. टाकलेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया होईल. काही घालू नका. माशांचंही पहिले चार दिवस निम्मं करा. शेजारच्या मुलाने पाच दिवसांत किती घातलं होतं देव जाणे. बहुतेक मुलं मायेने घालतात, डबा रिकामा होईपर्यंत.

आता पाणी. खरी चावी इथे आहे, आणि गोव्यात बसून ती थोडी वेगळी फिरवावी लागते.

आज रात्रीच अमोनिया तपासा. ताटलीएवढं लेदर सडायला लागलं की २५० लिटर पाणी बिघडवायची ताकद त्यात असते, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त असल्यामुळे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त बाधतो. शून्याच्या वर काहीही दिसलं तर १० टक्के पाणी बदला, उद्या परत १० टक्के. एका वेळी निम्मं कधीच नको. मग क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), किंवा घनतेच्या भाषेत १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) आरओच्या पाण्यावर शून्याला लावून लोक निश्चिंत होतात. तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावायला हवा, नाहीतर शून्याला खरा आणि ३५ ला खोटा बोलतो. पाच दिवस घरी कुणी नसताना बाष्पीभवनाने पातळी उतरली असणार आणि क्षारता चढली असणार. ती गोडं आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेलं) पाणी घालूनच उतरवा, एका दिवसात एक-दीड पीपीटीपेक्षा जास्त नाही. शेजारच्या मुलाने पातळी दिसली म्हणून नळाचं पाणी ओतलं का, तेही विचारा, रागावू नका. क्षारकता (क्षारता नव्हे, पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० या टप्प्यात असेल तर त्याला हात लावू नका. आकडा थोडा इकडे-तिकडे असलेला चालतो, रोज हलणारा चालत नाही.

तापमानाची अडचण आपली खास. पुण्याचे मित्र सांगतात, टँकवर पंखा लावला की तीन-चार अंश उतरतात. पंखा थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि पावसाळ्यात इथली हवा आधीच ओलीचिंब असते. मग पंखा नुसता आवाज करतो, जेमतेम एखादा अंश. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) असेल तर २५ ते २७ मध्ये ठेवा, पण आत्ता टँक २९ वर असेल तर एका रात्रीत २६ वर आणू नका, दिवसाला एक अंश पुरे. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त पाणी काही आठवडे टिकलं की कोरल शेवाळ सोडून पांढरी पडायला लागतात. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरचं चौथं ब्लीचिंग जाहीर झालं ते याच कारणाने.

कार्बन आजच लावा. लेदर जखमी झालं, चिडलं की टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडतं. शेजाऱ्यांना जागा मिळू नये म्हणून त्याची ही जुनी युक्ती. बंद टँकमध्ये ती साचतात आणि दुसरी कोरलंही बंद होतात, मग माणसाला वाटतं रोग पसरला. दोन मुठी चांगलं ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन जाळीच्या पिशवीत, संपमध्ये जिथून पाणी वाहतं तिथे ठेवा. आठवड्याने बदला. या पावसात जर कुणी चवथीआधी घर रंगवलं असेल तर कार्बन दुप्पट कारणाने हवं, कारण स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतलीच हवा ओढून पाण्यात घुसळतो. ऑइलपेंट, डासांचा स्प्रे, उदबत्तीचा धूर, सगळं.

आता बोगमाळोचं पाणी. मिस्टरांची कल्पना मुळात वाईट नाही. जानेवारीत, भरतीच्या वेळी, किनाऱ्यापासून आत जाऊन आणलेलं पाणी मी स्वतः वापरलं आहे. पण सध्या नको. पावसाळ्यात मांडवी-झुआरीतून गोडं पाणी आणि लाल गाळ समुद्रात उतरतो, बोगमाळो झुआरीच्या मुखापासून लांब नाही, तेव्हा क्षारता खाली आलेली असते. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचं पाणी वर सरकतं, त्यात ऑक्सिजन फारच कमी आणि पोषकद्रव्यं भरपूर असतात. दोनापावलाच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या) शास्त्रज्ञांनी गोव्यासमोरच हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. असलं पाणी निम्म्या टँकमध्ये म्हणजे जखमेवर मिरची. कृत्रिम रीफ सॉल्ट वापरा: २५ लिटर आरओ-डीआयला साधारण ९०० ग्रॅम, पण शेवटचा शब्द वजनकाट्याचा नाही, रिफ्रॅक्टोमीटरचा. रात्रभर पंपाने घुसळून, टँकच्या तापमानाला आणून मगच घाला.

आणि हो, कुणीतरी आगरातलं मीठ सुचवेलच, मला दरवर्षी एक जण सुचवतो. मिठागरात पाणी आटताना चुना आणि जिप्सम आधी खाली बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात मागे राहतं. हाताला येतं ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. बांगड्याला उत्तम, कोरलला निरुपयोगी.

अँटिबायोटिकचं असं. बंद डब्यात, मोजून, एका ठरावीक रोगावर कधी कधी ते वापरतात. पूर्ण टँकमध्ये ओतलं की दगडांतले अमोनिया पचवणारे जिवाणूही मरू शकतात, आणि तुमच्याकडे नेमक्या या आठवड्यात त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे. शिवाय ती पूड कसली आहे हे पाकिटावर लिहिलं आहे का? माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि तांबं म्हणजे कोरल, कोळंबी, शंख सगळ्यांना विष. दगड-वाळूत मुरलेलं ते महिनोन् महिने झिरपत राहतं. नाव न कळलेलं औषध माझ्या टँकच्या खोलीतही येत नाही.

पुढे काय दिसेल ते सांगतो, म्हणजे रोज रात्री बॅटरी मारून बघायला नको. पहिले दोन-तीन दिवस ते सुकलेल्या अळंबीसारखं दिसेल. चौथ्या-पाचव्या दिवशी कापलेल्या कडेची धार बोथट होऊ लागते, आठवड्या-दोन आठवड्यांत ती गोल वळून बंद होते आणि वर गुळगुळीत कातडी येते. पॉलिप त्यानंतर, आधी जखमेपासून लांबच्या कडेला, चार-पाच करून. पुरते बाहेर यायला तीन आठवडे लागले तरी उशीर समजू नका. मध्येच कधीतरी टोपी चकचकीत होईल, मेण चढवल्यासारखी, आणि मग पातळ पापुद्रा सुटून लोंबायला लागेल. इथे नव्वद टक्के लोक परत ब्लेड काढतात. (हा आकडा माझ्या फोनवर येणाऱ्या घाबऱ्या मेसेजचा आहे.) लेदर अधूनमधून कात टाकतं, अंगावर बसलेलं शेवाळ आणि घाण काढायची ती त्याची रीत. त्या वेळी फक्त प्रवाह किंचित वाढवा, पापुद्रा वाहून जाऊ द्या. सड आणि कात यांतला फरक परत नाकानेच कळतो: कात टाकताना वास नसतो आणि खालचं मांस घट्ट असतं.

रोज एकच फोटो काढा, त्याच वेळी, त्याच कोनातून, निळा लाइट बंद करून. हात मात्र टँकबाहेर. पुन्हा कापायचं कारण एकच: पिळपिळीत कड पुढे सरकतेय आणि वास येतोय.

तुम्ही विचारलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणाकडे दगडी सांगाड्याचं कोरल असेल तर वरचं सगळं त्याला जसंच्या तसं लागू नाही. तिथे मांस म्हणजे सांगाड्यावर ओढलेली पातळ साय. ती फाटली की उघडा सांगाडा पांढरा दिसतो आणि दोन-चार दिवसांत त्यावर शेवाळ चढतं. जखम भरते ती कडेने मांस आत सरकून, आणि शेवाळाने ती जागा आधी पकडली की मांस अडतं. म्हणून तिथे लढाई शेवाळाशी. मोठ्या पॉलिपच्या कोरलमध्ये मांस सांगाड्याच्या घडीत खोल लपून बसतं, त्यामुळे मेलंय असं ठरवून फेकून देण्याआधी काही आठवडे थांबा. गंमत म्हणजे तुटणं हे काही वेळा वाढीचंच कारण होतं. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड वॉन यांच्या हातून एल्कहॉर्न कोरल हलवताना तुटलं. मागे राहिलेले चिमुकले तुकडे मरायच्या ऐवजी अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढले. त्यातून छोटे तुकडे करून रीफ लावायची पद्धत उभी राहिली.

पण आपल्या देशात सगळी रीफ बांधणारी दगडी कोरलं, काळी कोरलं, सी-फॅन, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानात मिळतं म्हणून ते बाळगायला मोकळीक आहे असं होत नाही, वनखात्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. टोडस्टूल त्या यादीत नाही. तरी ग्रँड आयलंडला किंवा मालवणला डायव्हिंगला गेलात आणि खाली तुटलेला तुकडा दिसला, तर वाचवायच्या भावनेनेही उचलू नका. तिथे तो जगायची शक्यता तुमच्या टँकपेक्षा जास्त आहे. कापून काढलेला सडका भाग आणि डिपचं पाणीही खाडीत-नाल्यात नको. तुकडा पिशवीत बांधून कचऱ्यात, पाणी थोडं ब्लीच घालून मोरीत.

राहिला तो दगड. तो का घसरला हे शोधल्याशिवाय कोरल त्याच्या खाली परत ठेवू नका. माझा अंदाज, तो वाळूवर टेकवलेला आहे. गोगलगायी, वाळूत बिळं करणारे गोबी आणि पिस्तूल कोळंबी खालची वाळू उपसतात आणि वर्ष-दोन वर्षांनी एका रात्री सगळं बसतं. वाळू बाजूला सारून खालचा दगड थेट काचेवर टेकवा, काचेवर आधी प्लॅस्टिकची पातळ जाळी अंथरा. वरचा दगड तीन ठिकाणी टेकतोय का, बोटाने ढकलून बघा. डुगडुगला तर ॲक्वेरियम एपॉक्सी मळून सांध्यात भरा. एपॉक्सी ताजी असताना स्किमर फेसाळून ओसंडतो, त्या रात्री कप रिकामा ठेवा किंवा स्किमर बंद करा. आणि शेजारच्या मुलाला पुढच्या वेळी खाद्याचा डबा देऊ नका. गोळ्या औषधाच्या डबीत वारनिहाय भरून द्या, बाकीचा डबा कुलपात. टँकशेजारी लाइट गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअरपंप टांगून ठेवा. पाच दिवसांत वास्कोत लाइट गेली नसेल असं मला तरी वाटत नाही.